वचनांची हुंडी

फराळ झाला, पत्त्यांचाही कंटाळा आला, अशा दुपारी घरातल्या पाच-सहा मंडळींनी खेळावा असा एक खेळ आहे. नाव नॉमिक. पीटर सूबर या अमेरिकन तत्त्वज्ञाने तो रचला आणि १९८२च्या जूनमध्ये डग्लस हॉफ्स्टॅटर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातून तो लोकांपुढे आणला. आरंभी नियम २९. पण पाळी आली की प्रत्येकाने नियम बदलण्याची सूचना मांडायची आणि सर्वांनी तीवर मत द्यायचे. पहिल्या दोन फेऱ्या एकमत लागते, पुढे नुसते बहुमत पुरते.

बहुमत आले की वचने आलीच! 'या खेपेला मला मत दे, पुढल्या खेपेला मी तुला देईन.' मग एखादा व्यवहारी गडी सुचवतो की, वचने कागदावर लिहावीत आणि ती गुण मोजून विकत घेता यावीत. सूचना मोठी गोजिरी दिसते. आपल्या पेढ्यांवर हुंडी अशीच हातोहात फिरत नव्हती का? पण हुंडीतही भेद असत. दर्शनी हुंडी दाखवताच चुकती करायची, मुदतीची दिवस भरल्यावर; आणि शाहजोग हुंडीचे पैसे पत असलेल्या माणसालाच मिळायचे.

हा शेवटचा भेद फार मोलाचा. समजा, पाचजण खेळत आहेत. 'एकदा तू म्हणशील तसे मत देईन,' असे दादाने धाकट्या सुमनला प्रेमाने लिहून दिले. सुमनने तो कागद दहा गुणांना काकांना विकला. (मुलांना भाव चटकन कळतात!) काकांनी आईचाही तसलाच एक कागद मिळवला. आता त्यांचे स्वतःचे एक आणि ही दोन, अशी तीन मते झाली. 'काकांना जिंकण्याइतके गुण' असा नियम करायला एवढी पुरेत. वचन दिले बहिणीला, भोगायचे मात्र सगळ्या घराने!

म्हणून माझ्या मते कामाचे वचन खुशाल विकावे. मताचे मात्र ज्याला दिले त्याच्यापाशीच राहावे. कागदावर मुदत हवी, आणि वचन पाळले की तो फाडावा. दशरथाचे दोन वर बिनमुदतीचे आणि बिनतपशिलाचे होते. पुढे काय झाले ते आपण जाणतोच. नशीब, कैकेयीला ते मंथरेला विकता येत नव्हते!

राहता राहिला नियम बदलण्याचा प्रश्न. सूबर यांच्या मूळ नियमांनुसार कोणताही बदल मागे जाऊन लागू होत नाही. पण उद्याच्या नियमाने कालचे वचन पाळणेच अशक्य केले तर? त्यासाठी कागदावर आधीच भरपाईचा आकडा लिहावा. तेवढे गुण वचन देणाऱ्याने कागद ज्याच्या हाती असेल त्याला द्यावेत. आणि तो बदल त्यानेच सुचवला असेल, तर दुप्पट.