एस फॉर स्टिफ, ई फॉर इगो

गोल्फ शिकायला लागल्यावर थोड्याच महिन्यांत प्रत्येकाला एक साक्षात्कार होतो. तीन आणि चार नंबरचं आयर्न आपल्या बापाच्यानंही उडणार नाही! मग बॅगेत येतो युटिलिटी क्लब. हायब्रिड म्हणा, रेस्क्यू म्हणा, मामला तोच. लॉफ्ट लांब आयर्नचा, डोकं छोट्या वूडसारखं. बॉल पटकन उचलतो, वाढलेल्या गवतातूनही काढतो. ‘म्हाताऱ्यांचा क्लब’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी २००९ची पीजीए चॅम्पियनशिप आठवावी. कोरियाच्या वाय. ई. यांगनं शेवटच्या होलवर २०६ यार्डांवरून हायब्रिडच मारला आणि टायगर वूड्सला हरवलं. शेवटच्या दिवशी आघाडी घेऊन उतरलेला टायगर तोवर एकही मेजर हरला नव्हता, बोला!

रेडीमेड घेण्यापेक्षा सेकंडहँड हेड घ्यायचं आणि शाफ्ट, म्हणजे दांडा, आपल्या मापाचा बसवून घ्यायचा, हा फंडा माझ्यासारख्या फ्रीलान्सरला परवडतो. (चेक कधी येणार, हे विचारू नका.) पण दुकानात गेले तर काउंटरवरच्या मुलानं मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाला, ‘‘मॅडम, लेडीज फ्लेक्स देतो.’’ स्विंग मोजला नाही, काही विचारलं नाही. कुर्ता पाहिला आणि फ्लेक्स ठरला. त्याच दुकानात माझ्या एका आयटीवाल्या मित्राला न मोजताच ‘स्टिफ’ मिळाला होता. तो खूश, कारण शाफ्टवर ‘एस’ लिहिलंय. त्याचा बॉल गेले कित्येक रविवार उजवीकडच्या झाडीत जातोय, ही बाब वेगळी.

बॉस, गंमत अशी, की एल, ए, आर, एस, एक्स या अक्षरांना सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेलं एकच माप नाही. एकीचा ‘आर’ दुसरीच्या ‘एस’इतका कडक निघू शकतो. एलपीजीए टूरवरच्या मुली ड्रायव्हर सरासरी ताशी ९० मैलांच्या वर फिरवतात. त्यांच्या हातात लेडीज फ्लेक्स द्या बरं! मशिनवर माझा आकडा आला ८८, म्हणजे बहुतेक तक्त्यांत सरळसरळ ‘आर’.

मी गेले चेंबूरला. तिथे एका गल्लीत क्लब दुरुस्त करणारे काका बसतात. पूर्वी कॅडी होते. त्यांनी अक्षर विचारलंच नाही. ‘‘ताई, तुमच्या आयर्नचा शाफ्ट किती ग्रॅमचा?’’ स्टील, ९५. ‘‘आणि पाच नंबरच्या वूडचा?’’ ग्रॅफाइट, ५८. ‘‘मग हायब्रिड या दोघांच्या मधे. पंचाहत्तर-ऐंशी बघू.’’ आणि सोनाराकडे असतो तसल्या काट्यावर एकेक शाफ्ट ठेवायला लागले.

यामागचं लॉजिक साधं आहे. बॅगेतले क्लब जसे आखूड होत जातात, तसे त्यांचे शाफ्ट जड होत जायला हवेत, म्हणजे हाताची लय बिघडत नाही. जोरात मारणाऱ्यानं फेअरवे वूडचा हलका, मऊ शाफ्ट हायब्रिडला लावला, तर हात पुढे पळतात, हेड लवकर बंद होतं आणि बॉल डावीकडे वळतो. ‘हायब्रिड हुक मारतो’ ही तक्रार ऐकलीय ना? पुष्कळदा दोष शाफ्टचा असतो. उलट, ज्यांना वाऱ्यात खालून जाणारा, आयर्नसारखा शॉट हवाय, त्यांनी आणखी जड घ्यावा, अगदी स्टीलसुद्धा.

वजन जमलं तरी शाफ्ट बसायला हवा. बहुतेक हायब्रिडच्या हेडला ०.३७० इंच टोकाचा शाफ्ट लागतो, फेअरवे वूडला सहसा ०.३३५. फरक जेमतेम एक मिलिमीटर. पण तो सैल बसतो. म्हणून हेड घेताना भोक मोजूनच घ्या. मग येते कापाकापी. टोकाकडून कापला की शाफ्ट कडक होतो, ग्रिपकडून कापला की मुख्यतः लांबी कमी होते. काकांनी माझा टोकाकडून अर्धा इंच कापला, बाकीचा वरून, शेवटी ३९ इंच. आणि हो, ग्रॅफाइट पाइप कटरनं कापू देऊ नका, धागे फाटतात. बारीक दातांची करवत किंवा घासून कापणारी चकती हवी, तोंडावर मास्क हवा. लांबी अर्धा इंच कमी केली, तर स्विंगवेट तीनेक पॉइंटांनी उतरतं, हेड हाताला लागेनासं होतं. ते शिशाच्या पट्टीनं भरून काढता येतं. इपॉक्सी वाळायला रात्रभर.

पुढच्या शनिवारी खारघरला सिडकोच्या कोर्सवर मी तो क्लब मारला. बॉल उंच गेला आणि सरळ गेला. मित्रानं बघितलं, काही बोलला नाही. मंगळवारी मात्र स्वारी चेंबूरला हजर! काकांनी स्विंग बघितला आणि त्याला थोडा हलका ‘आर’ काढून दिला. त्यानं तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि हळूच विचारलं, ‘‘काका, हे अक्षर खाली करून बसवता येईल का?’’

येतं. काका म्हणाले, अर्धे लोक तेच सांगतात.