बुडत्यास हात देऊं नका!

दुसऱ्या महायुद्धांतील एका जर्मन पाणबुडीची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों. हिटलरशाहीची थोरवी गाण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या राज्यानें लाखों निरपराध्यांचे जीव घेतले आणि ही पाणबुडीहि त्याच्याच चाकरीची. ‘यू–156’ हें तिचें नांव. 1941 सालीं ती आरमारांत दाखल झाली व पुढें वीसएक जहाजें तिनें बुडविलीं. फेब्रुवारी 1942 मध्यें अरूबा बेटावरील तेलाचा कारखाना उडवावयास गेली, तेव्हां तोफेच्या तोंडचें बूच काढावयाचेंच राहिलें, तोफ फुटली आणि तिचाच गोलंदाज मेला!

12 सप्टेंबर 1942 च्या रात्रीं आफ्रिकेच्या पश्चिमेस, भर अटलांटिक महासागरांत, तिनें ‘लॅकोनिया’ हें इंग्रजांचें मोठें जहाज फोडलें. वर सुमारें 2,700 माणसें. शिपाई होते, बायकामुलें होतीं, आणि तळच्या कोठारांत कोंडलेले सुमारें 1,800 इटालियन युद्धकैदी होते. इटली तर जर्मनीचा दोस्त! पाण्यांतून इटालियन भाषेंतील आक्रोश कानीं पडतांच कप्तान हार्टेनस्टाइन चमकला. कैद्यांचीं दारें वेळेवर उघडलीं नाहींत, असें वांचलेल्यांनीं मागाहून सांगितलें. जहाजाच्या तळीं बसणाऱ्यास पाणी सर्वांच्या आधीं भेटतें, शिडी सर्वांच्या शेवटीं.

प्रथम दोस्त म्हणून त्यानें इटालियनांस उचललें, हें खरें. पण मग इटालियन, इंग्रज, पोलिश हा भेद उरला नाहीं. दोनशेंच्या आसपास माणसें त्यानें त्या चिंचोळ्या पाणबुडींत व तिच्या पाठीवर घेतलीं, चार होड्या दोरानें मागें बांधल्या, आणि बिनतारी यंत्रावरून उघड इंग्रजींत जाहीर केलें कीं, या लोकांस न्यावयास जो येईल त्याजवर मी हत्यार चालविणार नाहीं. मात्र माझ्यावर हल्ला होऊं नये. 16 तारखेस असेन्शन बेटावरून अमेरिकेचें विमान आलें. पाणबुडीवर रेडक्रॉसचें निशाण पसरलेलें होतें. वैमानिकानें तळाला विचारलें. हुकूम आला, बुडवा. बॉम्ब पडले, एक होडी माणसांसकट उडाली. हार्टेनस्टाइननें दोर तोडले, लोकांस पाण्यांत उतरविलें व बुडी मारली. पुढें फ्रेंच जहाजें आलीं, हजारावर माणसें वांचलीं. सोळाशेंहून अधिक गेलीं, त्यांत बहुतेक ते कैदीच.

दुसऱ्याच दिवशीं जर्मन पाणबुड्यांचा सेनापति डोनिट्झ यानें हुकूम काढला: बुडालेल्या जहाजाच्या लोकांस पाण्यांतून काढूं नये, उलटलेली होडी सुलटी करूं नये, अन्नपाणी देऊं नये. त्याच हुकुमांत एक सवलत आहे, ती वाचकांनीं नीट ऐकावी. कप्तान आणि मुख्य इंजिनियर यांना मात्र धरून आणावें! त्यांच्यापाशीं माहिती असते. बाकीच्यांतहि ज्याचें सांगणें उपयोगी पडेल तेवढाच घ्यावा. भट्टीपुढें भाजून निघणारा आगवाला, भांडीं घासणारा पोऱ्या, यांना शत्रूनें विचारावें असें काय असणार? माणसाची किंमत हुद्द्यावरून ठरवावयाची आणि त्या किंमतीवरून त्याला दोर टाकावयाचा कीं नाहीं तें पाहावयाचें, ही विद्या आमच्याकडील पोथीवाल्यांनाहि चांगली अवगत होती. तहानेल्यास पाणवठ्यावरून हाकलतांना तेहि हुकूमच दाखवीत. फरक इतकाच कीं, त्यांचा हुकूम संस्कृतांत असे. असो.

1946 सालीं न्यूरेंबर्गच्या न्यायालयांत हा हुकूम पुढें आला. तो संदिग्ध म्हणून न्यायाधीशांनीं डोनिट्झला दोष दिला. परंतु पॅसिफिकमधील अमेरिकन आरमाराचे सेनापति निमित्झ यांनीं लेखी कळविलें होतें कीं, आमच्या पाणबुड्याहि सामान्यतः शत्रूच्या लोकांस वांचवीत नसत. तेव्हां डोनिट्झला दहा वर्षांचा तुरुंग मिळाला तो इतर गुन्ह्यांसाठीं. पाणबुडीच्या लढाईंतील नियमभंग त्या शिक्षेंत धरला नाहीं. असेन्शनवरून सुटलेल्या हुकुमाबद्दल तर कोणावर खटलाच भरला नाहीं. जिंकणाऱ्याचा पंचनामा कोण करणार?

यू–156 ला 8 मार्च 1943 रोजीं बार्बाडोस बेटाच्या पूर्वेस अमेरिकेच्याच विमानानें बुडविलें. 53 च्या 53 गेले, हार्टेनस्टाइनसुद्धां. पाणबुडी दुभंगल्यावर कांहीं खलाशी लाटांवर धडपडतांना वैमानिकांना दिसले. त्या वैमानिकांनीं काय करावें? त्यांनीं वरून तराफे टाकले. पांच जण एकावर चढलेले त्यांनीं पाहिले. मागाहून ‘बॅरी’ ही युद्धनौका शोधास धाडली. तराफा सांपडला नाहीं.