पेशींचा जमाव आणि आमचें तात्पर्य

सृष्टींतील एखादी गोष्ट वर्गांत सांगितली कीं तिच्या शेपटास बोध बांधण्याची शिक्षकवर्गास फार हौस. मुंगीपासून उद्योग, मधमाशीपासून काटकसर. पेशी जमावानें वाट कशी शोधतात ह्याविषयीं अलीकडे जें ज्ञान झालें आहे, त्यावरही ‘एकी हेंच बळ’ ही पाटी लागेल असें भय वाटतें. ती लागूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम मूळ गोष्ट पाहूं. खुडूक कोंबडीखालीं अंडीं ठेविलीं म्हणजे एकविसाव्या दिवशीं पिलें निघतात, हें आष्टींतील लहान मुलासही ठाऊक आहे. त्या अंड्यांत दुसऱ्याच दिवशीं एक मोठें स्थलांतर सुरू होतें. गर्भाच्या पाठीच्या मध्यरेषेवर पेशींचा एक पट्टा असतो. विल्हेल्म हिस ह्या शास्त्रज्ञानें १८६८ सालीं तो कोंबडीच्या गर्भांतच वर्णिला. तेथून निघालेल्या पेशींपैकीं कांहीं चेहऱ्याचीं हाडें घडवितात, कांहीं कातडीस रंग देतात, कांहीं आंतड्यांत जाऊन तेथील मज्जापेशी होतात. मनुष्याच्या गर्भांतही हेंच घडतें. (कोंबडीच्या गर्भाचा अभ्यास पुणें विद्यापीठांत प्रा. लीला मुल्हेरकर यांनीं रुजविला, हें आमच्या मुलांस सहसा कोणी सांगत नाहीं.)

वाट कशी सांपडते? फोडणीचा वास चुलीजवळ उग्र व ओसरीवर मंद येतो, त्याप्रमाणें गर्भांत कांहीं द्रव्यें एका बाजूस दाट व दुसऱ्या बाजूस विरळ असतात. परंतु पेशी इतकी लहान कीं तिच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दाटपणांत फरक तो कितीसा पडणार? लंडन येथील रॉबर्टो मेयर, एरिक थेवेनो व त्यांचे सहकारी यांनीं आफ्रिकन बेडकाच्या अशाच पेशींवर केलेले प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाले. एकटी पेशी त्या द्रव्याकडे धड जात नाहीं, भटकते. जमाव मात्र नीट जातो.

ह्याचें कारण मोठें मौजेचें आहे. पेशी चालतांना पायासारखा भाग पुढें टाकते. शेजारणीचा स्पर्श झाला कीं त्या बाजूचा पाय ती आंखडून घेते. मधल्या पेशींस त्यामुळें पाय पसरतां येत नाहीं; कडेच्या पेशी तेवढ्या बाहेरच्या बाजूस पाय टाकतात, आणि द्रव्य जेथें दाट तेथील पाय अधिक टिकतो. सारा जमाव तिकडे सरकतो. पेशींस एकमेकींशीं जोडणारें एक प्रथिन निकामी केलें कीं दिशा हरपते. भरकटलेलीस परत ओढणारें द्रव्यही ह्या पेशी स्वतःच सोडतात. कडेच्या पेशीस कित्येक लेखक ‘पुढारी’ म्हणतात. आम्हांस तो शब्द रुचत नाहीं. ती पुढें आहे ती जागेमुळें. फळमाशीच्या अंडाशयांतील अशा एका लहानशा टोळींत तर पुढच्या व मागच्या पेशी वाटेंतच जागा बदलतात.

आतां कोणी प्रवचनकार पौलाचा देह व अवयव ह्यांचा दृष्टान्त आठवील. तो दृष्टान्त आम्हांसही प्रिय आहे. परंतु तो मंडळीविषयीं आहे, पेशींविषयीं नाहीं. आंतड्याकडे निघालेल्या पेशी शेवटपर्यंत पोंचल्या नाहींत, तर नवजात बालकास शौच होत नाहीं व पोट फुगतें. सुमारें ५००० जन्मांत एकास हा विकार होतो. हिर्शस्प्रुंग ह्या डॅनिश डॉक्टरानें १८८६ सालीं तो वर्णिला. बिघडलेला भाग शस्त्रक्रियेनें काढितां येतो. अशा बालकावरून मीठ-मोहऱ्या ओंवाळीत बसणें म्हणजे वेळ दवडणें होय.

आणि कर्करोग? त्याच्या पेशीही पुष्कळदां जमावानेंच शेजारच्या मांसांत घुसतात. रक्तांत शिरलेले त्यांचे पुंजके विरळ असले तरी एकट्या पेशीपेक्षां कितीतरी पटींनीं अधिक घातक ठरतात, असें २०१४ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें. तेथेंही एकीच आहे! गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ सालीं बंदी झाली. तंबाखू मात्र पोरसवदा हातावर अजून मळली जाते. तोंडांत गांठ झालेल्या मनुष्यास पेशींच्या संघशक्तीचें गुणगान ऐकवून काय उपयोग? ती एकी कोणत्या प्रथिनानें जुळते व कशानें मोडते, हें शोधणारा एखादा विद्यार्थी आमच्या वर्गांतून निघावयास हवा.

त्यासाठीं आरंभ म्हणून परीक्षेंतील ‘ह्यापासून काय बोध घ्याल?’ हा प्रश्न गाळावा, व ‘एकटी पेशी वाट कां चुकते?’ असा प्रश्न आकृतीसह विचारावा.