चोवीस वॉर्डांचे देणे

आर्थर रोडवरच्या साथीच्या इस्पितळावर 29 ऑक्टोबर 1896 रोजी सुमारे हजार गिरणी कामगार चालून गेले. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला, त्याला तेव्हा जेमतेम महिना उलटला होता. पालिका आयुक्त स्नो यांनी रोग्याला घरातून सक्तीने हलवण्याचा हुकूम काढला होता आणि इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी भीती चाळीचाळीत पसरली होती. त्या हिवाळ्यात लाखो माणसांनी मुंबई सोडली. 1897 मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. त्याच वर्षी पुण्यात घरझडत्यांनी पेटलेल्या रागातून प्लेग अधिकारी रँडचा खून झाला. लोक रोगाला भ्याले त्याहून जास्त सरकारला भ्याले.

तेच इस्पितळ आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. 11 मार्च 2020 रोजी मुंबईत करोनाचे पहिले रुग्ण सापडले, तेव्हा साऱ्या शहराची नजर याच रुग्णालयाकडे लागली. सुरुवातीच्या दिवसांत चाचण्याही तिथेच होत होत्या. सरकारने हाती घेतला तो कायदासुद्धा 1897 चाच. इस्पितळ तेच, कायदा तोच, वस्त्याही तितक्याच दाटीच्या. तरी या वेळी कस्तुरबावर कोणी चालून गेले नाही. घाबरलेले लोक मात्र होते. आजार लपवणारे होते, गावाकडे निघून गेलेले होते, परिचारिकेला घर खाली करायला सांगणारे घरमालकही होते. पण दारात पालिकेचा माणूस आला, तर बहुतेकांनी दार उघडले. हा सव्वाशे वर्षांतला फरक कुठून आला, हे आम्हाला समजून घ्यायचे होते, म्हणून यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग महापालिका आणि साथ या विषयाला दिला आहे.

करोना आता कशाला, असे अंकाची आखणी करताना अनेकांनी विचारले. घरोघरी त्या दोन वर्षांची जखम आहे आणि सणाच्या तोंडावर ती कोणाला उघडायची नसते, हे आम्ही जाणतो. तरीही हा विषय याच वर्षी घ्यावासा वाटला, कारण 2025 च्या दिवाळीपर्यंत मुंबई महापालिकेत 7 मार्च 2022 पासून एकही नगरसेवक नव्हता. साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक कारभार पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीसाठी 31 जानेवारी 2026 ही मुदत घालून दिली होती, म्हणजे लवकरच मते मागायला लोक दारात येणार होते. महापालिका म्हणजे खड्डे, कचरा आणि टक्केवारी, एवढीच आपली समजूत राहिली तर त्यांना विचारायला आपल्यापाशी प्रश्नच उरणार नाहीत. 2020 आणि 2021 मध्ये या संस्थेने काय केले आणि काय केले नाही, हे ठाऊक असेल तर उरतील.

धारावीपासून सुरुवात करू. तिथला पहिला रुग्ण 1 एप्रिल 2020 रोजी कळला आणि त्याच दिवशी तो दगावला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरची वस्ती. लोकसंख्या कोणी साडेसहा लाख सांगतो, कोणी दहा लाख. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे, आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालयाखेरीज दुसरा आसरा नाही. अशा ठिकाणी ‘घरीच राहा’ या सूचनेचा अर्थ काय? जी-उत्तर विभागाच्या वॉर्ड ऑफिसने हे वेळीच ओळखले. सहायक आयुक्त किरण दिघावकर आणि त्यांच्या माणसांनी ठरवले की घरात विलगीकरण होणार नसेल तर ते घराबाहेर करावे लागेल. शाळा, लग्नाची सभागृहे, राजीव गांधी क्रीडा संकुल, जे मिळेल ते ताब्यात घेतले. संशयितांना तिथे नेऊन ठेवले, जेवण दिले, डॉक्टर दिले. साई हॉस्पिटल ताब्यात घेतले, निसर्ग उद्यानाजवळच्या मोकळ्या जागेवर दोनशे खाटांचे रुग्णालय उभे केले. शौचालये दिवसातून अनेकदा धुऊन निर्जंतुक केली जाऊ लागली.

सगळे पहिल्याच झटक्यात जमले नव्हते. सुरुवातीला डॉक्टर संरक्षक पोशाख चढवून घरोघर ताप मोजत फिरले. वस्तीतले खासगी डॉक्टर या कामात स्वतःहून उतरले होते आणि त्यांचे ऋण फार मोठे आहे, कारण धारावीचा माणूस पालिकेच्या डॉक्टरला ओळखत नव्हता, गल्लीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरला ओळखत होता. पण एप्रिलच्या उन्हात, बोळाबोळांतून, त्या पोशाखात माणूस फार वेळ टिकत नाही. मग पद्धत बदलली. नाक्यानाक्यावर ताप तपासणीची शिबिरे लागली आणि बंद पडलेले खासगी दवाखाने समजूत घालून, साहित्य पुरवून पुन्हा उघडले. 10 जुलै 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी इटली, स्पेन आणि दक्षिण कोरिया या देशांच्या बरोबरीने धारावीचे नाव घेतले. एखाद्या झोपडपट्टीचे नाव तीन देशांच्या रांगेत बसले, याचा आम्हाला अभिमान वाटला आणि आजही वाटतो. त्या वर्षी 25 डिसेंबरला धारावीत पहिल्यांदा एकही नवा रुग्ण नोंदला गेला नाही.

या यशाचे श्रेय मोजताना हेही मोजले पाहिजे की मे महिन्यापर्यंत धारावीतले हजारो मजूर गावी निघून गेले होते आणि वस्तीतली दाटी त्यामुळे कमी झाली होती. शिवाय 2020 च्या जुलैमध्ये नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन वॉर्डांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना विषाणू गाठून गेला होता, इतर वस्तीत 16 टक्के. धारावी या पाहणीत नव्हती, पण शेजारचा एफ-उत्तर विभाग होता. म्हणजे गरिबांच्या वस्त्यांत विषाणू अडवला गेला असे म्हणता येत नाही. तो पसरलाच, आणि त्या वेगातही माणसे वाचवण्याची धडपड झाली. या दोन आकड्यांत मुंबईचे घरबांधणीचे सगळे धोरण उघडे पडते. प्लेगनंतर 1898 मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला, त्याचे काम होते हवा-उजेडाची घरे. करोनानंतर तसे काही स्थापन झाल्याचे आम्हाला दिसत नाही.

आता वॉर्डाविषयी. 2020 मध्ये मुंबईचे चोवीस प्रशासकीय विभाग होते. सामान्य नागरिक त्यांना ए, बी, सी अशा अक्षरांनी ओळखतो आणि नळजोडणी किंवा जन्माचा दाखला यांपलीकडे त्यांच्याशी त्याचा फारसा संबंध येत नाही. 2020 च्या एप्रिल-मे मध्ये काय होत होते? चाचणीचा अहवाल थेट रुग्णाच्या हाती पडे. तो घाबरून रुग्णालयाकडे धावे, एका दारातून दुसऱ्या दारात जाई. खाट मिळे ती ओळखीवर. सौम्य लक्षणांचे लोक खाटा अडवून बसत आणि धाप लागलेला माणूस रुग्णवाहिकेत ताटकळे. शहरासाठी 1916 हा एकच क्रमांक होता, तो लागतच नसे.

मे महिन्यात प्रवीण परदेशी यांच्या जागी इकबालसिंह चहल आयुक्त झाले. पुढच्या महिन्यात प्रत्येक वॉर्डात वॉर रूम सुरू झाली. प्रयोगशाळांनी अहवाल आधी पालिकेला द्यायचा, तिथून तो त्या त्या वॉर्डाकडे जायचा, आणि वॉर्डातून डॉक्टर रुग्णाला फोन करणार: धाप लागते का, वय किती, मधुमेह आहे का, घरात स्वतंत्र खोली आहे का. त्यावरून खाट ठरायची आणि गाडी पाठवली जायची. खासगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटांचे दर राज्य सरकारने बांधून दिले होते, म्हणून वॉर रूमला देण्यासारखे काही हातात होते. अहवाल उशिरा मिळतो म्हणून या पद्धतीवर टीकाही झाली आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. पण आमच्या मते मुंबईने त्या काळात घेतलेला सर्वांत मोठा निर्णय हाच. वांद्रे-कुर्ला संकुलातले किंवा गोरेगावच्या नेस्कोतले जम्बो केंद्र छायाचित्रात भव्य दिसते. वॉर रूम म्हणजे सभागृहातली चार टेबले आणि बसलेल्या घशाने बोलणारे तरुण डॉक्टर. तिचे छायाचित्र कोणी काढत नाही. पण मृत्यूच्या भीतीने अर्धमेल्या झालेल्या माणसाला त्याच्या वस्तीचे नाव ठाऊक असलेला आवाज ऐकू आला, हे त्या टेबलांवरून घडले.

दुसऱ्या लाटेत या घडीची परीक्षा झाली. 4 एप्रिल 2021 रोजी मुंबईत एका दिवसात 11,163 रुग्ण सापडले. दोन आठवड्यांच्या आत, 16 एप्रिलच्या रात्री, पालिकेच्या सहा रुग्णालयांतला ऑक्सिजन संपत आला. टँकरची वाट पाहत बसायचे की रुग्ण हलवायचे? रातोरात 168 रुग्ण दुसरीकडे हलवले गेले आणि त्या हलवाहलवीत एकही जीव गेला नाही. मोठ्या टाक्या आधीच बसवलेल्या होत्या आणि कुठे किती खाटा मोकळ्या आहेत ते वॉर्डांना ठाऊक होते, म्हणून हे जमले. 5 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या ऑक्सिजनचा खटला ऐकताना मुंबईकडून शिका, असे सुचवले. त्याआधी पंधराच दिवस, 21 एप्रिलला, नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा घटला आणि किमान 22 रुग्ण दगावले. मुंबईचे कौतुक करताना आम्ही नाशिक विसरू शकत नाही. एकाच राज्यातल्या दोन महापालिका. एकीजवळ पैसा, अभियंते आणि शंभर वर्षांची वैद्यकीय महाविद्यालये. दुसरीजवळ यातले फार थोडे.

ही महाविद्यालये हा मुंबईचा खरा ठेवा. नायर रुग्णालय 1921 चे, केईएम 1926 चे. 22 जानेवारी 2026 ही केईएमच्या शंभर वर्षांच्या पूर्ततेची तारीख. आपल्या करातून डॉक्टर घडवणारी महापालिका देशात विरळा. एप्रिल 2020 मध्ये नायर पूर्णपणे करोनासाठी राखले गेले, तेव्हा महापौर किशोरी पेडणेकर परिचारिकेचा जुना गणवेश चढवून तिथे गेल्या. त्या पूर्वी परिचारिकाच होत्या. तरुण निवासी डॉक्टरांनी त्या वर्षी जे सोसले त्याला तोड नाही. त्यांची वसतिगृहे, त्यांची विद्यावेतने, रुग्णालयांतली रिक्त पदे हे प्रश्न मात्र आजही जिथल्या तिथे आहेत.

आणि आता जे पालिकेने केले नाही, ते. मे 2020 मध्ये शीव रुग्णालयातली चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली, शेजारच्या खाटांवर गुंडाळलेले मृतदेह आणि मध्ये जिवंत रुग्ण. जूनमध्ये हिशेबाचा मेळ घालताना मुंबईच्या मृतांच्या यादीत एका दिवसात 862 मृत्यू वाढले. ही माणसे आधीच गेलेली होती, फक्त आकड्यांत आलेली नव्हती. त्यांच्या घरच्यांना त्या आठवड्यांत काय वाटले असेल, याचा विचार प्रशासनाने केलेला दिसला नाही. त्याआधी 14 एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर गावी जाण्यासाठी जमले. टाळेबंदी दिल्लीने लादली होती हे खरे, पण ज्या हातांनी हे शहर बांधले त्यांना दोन महिने खाऊ घालण्याची हमी मुंबई देऊ शकली नाही. धारावीत जे समजूतदारपणाने झाले, ते शहरभर झाले नाही.

पैशाचा हिशेब तर अजूनही अपुरा आहे. महापालिकेच्या सुमारे बारा हजार कोटींच्या खर्चाची तपासणी राज्य सरकारने 2022 मध्ये कॅगकडे सोपवली. त्यातला करोनावरचा खर्च सुमारे साडेतीन हजार कोटी. त्याची कागदपत्रे महापालिकेने दिली नाहीत आणि आधार घेतला साथरोग कायद्याचा, त्याच 1897 च्या. साथ विझल्यावर खर्च दाखवायचा नाही, यासाठी तो कायदा झाला नव्हता. जम्बो केंद्रांच्या आणि इतर खरेदीच्या चौकशा सुरू आहेत, त्यांचा निकाल न्यायालये देतील. पण निकाल लागेपर्यंत नागरिकांना काहीच कळू नये, हे आम्हाला मान्य नाही. ज्या कामाचा आपल्याला अभिमान आहे, त्याचाच कागद आपल्याला पाहायला मिळू नये, ही फार वेदना देणारी गोष्ट आहे.

दारे उघडली गेली ती कोणासाठी, हा आमचा पहिला प्रश्न होता. या विभागातले लेख वाचताना उत्तर पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येते: आरोग्य स्वयंसेविका. लसीकरणाला, पोलिओच्या डोसाला, गरोदर बाईच्या नोंदीला वर्षानुवर्षे त्याच गल्लीत फिरणारी बाई. तिला पगार नाही, मानधन आहे. ती बहुधा त्याच वस्तीत राहते. तिने सांगितले म्हणून माणसे शाळेतल्या विलगीकरणात जायला तयार झाली, तिने सांगितले म्हणून लस घ्यायला रांगेत उभी राहिली. तिच्याबरोबर बाधितांच्या घरचा कचरा उचलणारे कंत्राटी कामगार, बेस्टचे चालक-वाहक, स्मशानातले कर्मचारी. त्यांच्यातले अनेक जण गेले. स्नोच्या माणसांना जी दारे जबरदस्तीने उघडावी लागली, ती या बायकांनी ओळखीवर उघडली. त्यांना सेवेत कायम करून घेण्याचा निर्णय प्रशासकाने करायचा की सभागृहाने, यावर वाद घालण्यात आणखी पाच वर्षे जाऊ नयेत.

महापालिकेच्या निवडणुकीत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला वाचकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. तुमच्या वॉर्डातला करोनाचा खर्च आणि मृत्यूंचा तपशील सभागृहात मांडायला तुम्ही भाग पाडाल का? तुमच्या वॉर्डातल्या आरोग्य स्वयंसेविकांना कामगार म्हणून मान्यता मिळावी यासाठी ठराव आणाल का? वॉर रूममध्ये जमलेली माहिती, फोनच्या नोंदी, खाटांचे तक्ते आज कुठे आहेत आणि पुढच्या साथीसाठी ते कोण सांभाळते?

आमच्याकडूनही एक काम सुरू करत आहोत. 2020 ते 2022 या काळात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक किंवा राज्यातल्या कोणत्याही महापालिकेत ज्यांनी काम केले, मग ते डॉक्टर असोत, मुकादम असोत की स्वयंसेविका, त्यांनी आपल्या वॉर्डातली रोजनिशी, पत्रके, नोंदवह्या यांच्या प्रती आमच्या कार्यालयाकडे पाठवाव्यात. नाव छापायचे की नाही हे पाठवणाऱ्याने ठरवावे. फेब्रुवारीअखेरपर्यंत आलेला मजकूर विभागवार लावून पुढच्या दिवाळी अंकाआधी स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने आम्ही छापू आणि तिची प्रत नव्या सभागृहातल्या 227 नगरसेवकांना टपालाने पाठवू.

— संपादक, दिवाळी 2025