इयादत पंधरा दिवसांची, आजार अडीच वर्षांचा

कधीकधी एखाद्या घरातली गोष्ट शिक्षकाला हजेरीपटातून कळते. आठवीतल्या एका मुलीच्या नावापुढे ओळीने नऊ दिवस गैरहजेरी लागली, तेव्हा आम्ही तिच्या घरी गेलो. सांगलीतच दोन खोल्यांचे घर. मुलगी भाकऱ्या थापत होती. धाकटा भाऊ दाराशी बसला होता. अम्मी आदल्या रात्रीच मुंबईहून परतली होती, अब्बा मार्केट यार्डात हमालीला गेले होते. मोठा मुलगा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. डोक्यावर टोपी होती, टोपीखाली केस नव्हते.

हा मुलगाही आमच्याच शाळेचा, दहावीतला. पाच महिन्यांपूर्वी त्याचा ताप उतरेना. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, मार न लागताच अंगावर निळे डाग पडू लागले. मिरजेत तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कर्करोग निघाला. तिथून त्याला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पाठवले.

बातमी कळली त्या आठवड्यात या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. साताऱ्याहून नानीकडची माणसे कंदी पेढे घेऊन आली. जमातीची मंडळी आली, शाळेतून आम्ही सगळे शिक्षक गेलो, दुआ झाली, पाकिटे दिली गेली. पंधरा दिवसांनी येणे-जाणे कमी झाले आणि दुसऱ्या महिन्यात थांबलेच. अम्मीने तक्रार केली नाही. चहाचा कप पुढे करत ती एवढेच म्हणाली, "आपा, लोकां आते, दुआ देते, जाते. पन ये घर का चूला कौन देखना?" त्या लोकांत आम्हीही होतो.

निघताना तिने हळूच आणखी एक गोष्ट सांगितली. मुलाचे अब्बा पुढच्या फेरीला मुंबईला जायचे नाही म्हणत होते. पोरगा आता जेवतो, ताप नाही, रिपोर्ट चांगला आला आहे, मग उसने काढून आणखी किती दिवस पळायचे?

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नासाठीच हा लेख लिहीत आहोत. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हा रक्ताचाच आहे आणि त्याच्या नेहमीच्या प्रकारात उपचार सुमारे दोन ते अडीच वर्षे चालतात. पहिल्या महिन्याभराच्या औषधांनी बहुतेक मुलांच्या रक्तात रोग दिसेनासा होतो. मूल हसते, खाते, सायकल मागते. पण न दिसणारा रोग शरीरात उरलेला असतो आणि औषध थांबवले तर तो परत येतो. परत आलेला रोग बरा करणे फार अवघड असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुला-मुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्केही नाहीत. त्यामागे उशिरा निदान, औषधांची टंचाई अशी कारणे आहेतच, पण अर्ध्यावर सोडलेला उपचार हेही एक मोठे कारण आहे. आणि उपचार अर्ध्यावर सुटतो तो घर थकल्यामुळे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की, अशा घराला पहिल्या पंधरवड्यातल्या गर्दीपेक्षा पुढच्या दोन वर्षांतली थोडी थोडी, पण ठरलेली मदत जास्त लागते. सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा जेवणाची पाकिटे भरपूर आली. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढायला किती हात उरले, हे ज्याचे घर बुडाले त्याला विचारा.

त्या शुक्रवारी मस्जिदीच्या जबाबदार मंडळींशी आमचे बोलणे झाले. सहा घरांनी एक वही केली आणि कामे वाटून घेतली. दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून ती इथे सांगत आहोत.

पहिले काम स्वयंपाकाचे. आठवड्यातला एकेक दिवस एकेका घराने घेतला. ताजे, पूर्ण शिजवलेले, गरम जेवण. या औषधांनी शरीराची रोगाशी लढण्याची ताकद कमी होते, त्यामुळे मुलासाठी बाहेरचे उघडे पदार्थ, चिरून ठेवलेली फळे, न उकळलेले पाणी नको. काय चालते आणि काय नाही हे डॉक्टरांनी अम्मीला सांगितलेले असते, ते तिला विचारावे. आपल्या मनाने काही नेऊ नये.

दुसरे काम वाहनाचे. अशा मुलाचा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळपर्यंत थांबायचे नसते, घरची गोळी देऊन बघायचे नसते, ताबडतोब रुग्णालय गाठायचे असते. हे ऐकल्यावर मोहल्ल्यातल्या दोन रिक्षावाल्यांनी आपले नंबर त्या घराच्या दारामागे लिहून दिले. त्यांतल्या एकाने एकदा रात्री दोन वाजता मिरजेला नेले आणि भाडे घेतले नाही.

तिसरे काम रक्ताचे. केमोथेरपीत रक्तातल्या प्लेटलेट वारंवार कमी होतात. काढलेल्या प्लेटलेट सुमारे पाचच दिवस टिकतात, म्हणून आधीपासून साठवून ठेवता येत नाहीत. माणसेच तयार ठेवावी लागतात. अठरा वर्षांवरच्या निरोगी मुलांची यादी केली. रमजानमध्ये इफ्तारनंतर कोण येऊ शकेल हेही लिहून ठेवले.

चौथे काम कागदांचे. हमाली करणाऱ्या माणसाला रोज खाडा करून खिडक्यांपुढे उभे राहणे परवडत नाही. एका निवृत्त तलाठी चाचांनी ते अंगावर घेतले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि कर्करोगाचे उपचार त्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन आधी त्याला भेटावे. मुख्यमंत्री सहायता निधीकडे वेगळा अर्ज करता येतो. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर डब्यात पूर्ण भाडे माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. सांगली-साताऱ्याच्या माणसाला रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. हा दाखला नसल्यामुळे या घराने पाच महिने पूर्ण तिकीट काढले होते. आम्हाला माहीत होते, पण आम्ही विचारायलाच गेलो नव्हतो.

मुंबईत राहायचे कुठे, हा प्रश्न अनेकांचे पाय मागे खेचतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कर्करुग्णांची आणि सोबतच्या नातेवाइकांची अत्यल्प दरात राहण्याची सोय होते. कर्करोगाच्या उपचाराला आलेल्या मुलांसाठी सेंट जूड्स या संस्थेने २००६ मध्ये मुंबईत निवासाचे काम सुरू केले. तिथे आईबापांसह मोफत राहता येते, आई स्वतः स्वयंपाक करू शकते. टाटा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन आपली अडचण मोकळेपणाने सांगितली तर अशा वाटा ते दाखवतात. तिथे लाजू नये.

पैशांचेही बोलू. ज्यांना जकात देता येते त्या आठ वर्गांत गरीब आणि गरजूंबरोबर कर्जात बुडालेलाही आहे. उपचारासाठी उसने काढलेला बाप त्यात बसतो का, हे आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. जकात रमजानमध्ये एकदम दिली तरी चालते, पण बैतुलमालातून ती दरमहा ठरलेल्या तारखेला त्या घरी पोचावी, म्हणजे बापाला दर महिन्याला हात पसरावा लागत नाही. आणि देताना फोटो काढू नये. पंधरा वर्षांच्या मुलाला ते फोटो त्याच्या मित्रांच्या मोबाइलवर दिसतात.

आता त्या मुलाविषयी. घरच्यांनी त्याच्यापुढे आजाराचे नाव घ्यायचे नाही असे ठरवले होते. पण तो दहावीतला मुलगा, रुग्णालयाच्या पाट्या वाचू शकतो. त्याला पहिल्या दिवशीच कळले होते. अम्मीला वाईट वाटू नये म्हणून तो माहीत नसल्यासारखे वागत होता आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून अम्मी. एका घरात दोघे एकमेकांपासून लपून रडत होते. डॉक्टरांसमोर एकदा मोकळे बोलणे झाले, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "मी मार्चला परीक्षा देऊ शकेन का?"

त्याचे उत्तर शाळेकडे होते. फॉर्म भरला होता. जमतील ते पेपर मार्चमध्ये द्यायचे, राहिलेले पुरवणी परीक्षेत, असे ठरवले. हजेरी कमी पडली तर वैद्यकीय दाखल्यासह बोर्डाकडे अर्ज करता येतो, तो मुख्याध्यापकांनी केला. वर्गातल्या दोन मित्रांनी रोज संध्याकाळी वहीची पाने फोनवर पाठवायची. आठवड्यातून एकदा, सर्दी-खोकला नसेल तर, हात धुऊन भेटायला जायचे आणि क्रिकेटवर बोलायचे. वर्गात कांजिण्या निघाल्या, तेव्हा आम्ही आधी त्याच्या घरी कळवले, कारण अशा मुलाला कांजिण्या जिवावर बेतू शकतात.

एक इशारा देणे भाग आहे. सांगली हळदीचे गाव. हळदीने हा रोग जातो, अमुक हकिमाची पुडी घ्या, असे सांगणारे या घरीही येऊन गेले. हळद जेवणात असू द्या. पण केमोथेरपी चालू असताना पुड्या, काढे, अर्क डॉक्टरांना न विचारता दिले तर यकृतावर ताण येऊ शकतो आणि औषधाचे काम बिघडू शकते. दुआ आणि दवा यांत आपल्या दीनने कधी भांडण लावलेले नाही. इलाज करण्याची शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच दिली आहे. तसेच रोज्याचे. हा मुलगा रोजा ठेवण्याचा हट्ट करीत होता. आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे, हे इमामसाहेबांनी शेजारी बसून समजावले तेव्हा त्याने ऐकले. आमचे ऐकले नव्हते.

आणि बहीण. आजारी मुलाच्या घरात निरोगी मुलांकडे कुणाचे लक्ष नसते, त्यांत मुलगी असेल तर तिचे दप्तर सर्वांत आधी खुंटीला लागते. डबे सुरू झाल्यावर दुसऱ्याच सोमवारी ती वर्गात आली. कुणी डब्याच्या पुण्याचा हिशेब मांडला तर त्यात या मुलीची हजेरीही धरावी.

मुलाचे अब्बा पुढच्या फेरीला गेले. त्यांना कुणी उपदेश केला नाही. तिकिटाचा दाखला, धर्मशाळेचा पत्ता आणि घरी दोन मुलांना कोण बघणार याचे उत्तर हातात दिले, एवढेच. मुलाने मार्चमध्ये तीन पेपर दिले, राहिलेले पुरवणीत दिले आणि पास झाला. उपचार अजून संपलेला नाही. रोज रात्रीची गोळी चालू आहे. या वयाची मुले गोळ्यांना कंटाळतात आणि घेतली म्हणून सांगतात, म्हणून अम्मी समोर बसून देते. पुढे काय होईल ते अल्लाहच्या हाती.

वहीत मात्र गेल्या महिन्यापासून सहातल्या दोन घरांची पाने कोरी दिसू लागली आहेत. माणसे थकतात, त्यांचीही घरे आहेत. या जुम्म्याला आम्ही नवी दोन नावे विचारणार आहोत. तुमच्या गावात, तुमच्या मस्जिदीच्या आसपास असे एखादे घर असेल, ज्याची बातमी जुनी झाली आहे, तर इन्शाअल्लाह या आठवड्यात तिथे जाऊन या. जाताना डबा न्या आणि पुढचा डबा कोणत्या वारी आणणार ते सांगून या.