फुकटच्या वकिलाचा हिशेब

धुऱ्याचे भांडण असो की सावकाराने करून घेतलेले खरेदीखत, कोर्टाची पायरी चढायची म्हटले की आमच्या पोटात गोळा येतो. तारखेला चांदूर रेल्वे गाठायचे, दिवसाची मजुरी बुडवायची, वर वकिलाची फी. कापसाचे पैसे निकालाआधीच संपतात.

यावर कायद्याने तोड दिली आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ साली अमलात आला. तालुक्यातल्या साऱ्या गावांसाठी मिळून एक विधी सेवा समिती, ही त्यातलीच तरतूद. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दुष्काळाने नाडलेल्यांना सरकारी खर्चाने वकील मिळावा, असे कलम १२ सांगते. दुष्काळ हा शब्द कायद्यातच आहे. कोरडवाहू शेतकऱ्याने ही भीक समजू नये, हा हक्क आहे.

पण साऱ्या गावांची म्हणून कोणत्याच गावाची नाही, अशी या सोयीची गत होऊ नये. समितीचे अध्यक्ष न्यायाधीश असतात. त्यांच्या निकालात आम्हाला बोलायचे नाही. सेवेचा हिशेब मात्र मागितलाच पाहिजे. अर्ज किती आले? वकील किती जणांना मिळाला? नेमलेला वकील तारखेला उभा राहिला का?

एकट्याने विचारले तर कोण ऐकतो? म्हणून गावोगावच्या ग्रामसभांनी हे तीन प्रश्न एकाच मजकुराच्या ठरावात घालून समितीकडे पाठवावेत. उत्तर आले नाही तर २००५ चा माहिती अधिकार आहेच. त्यात तीस दिवसांची मुदत आहे.

विहीर सामायिक असली, तर गाळही साऱ्यांनी मिळूनच काढायचा असतो.