तळेगाव चौकात इंजिन बंद

संध्याकाळी सव्वासहाला खराबवाडीतून निघालो की चाकणच्या तळेगाव चौकापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर कधी वीस मिनिटांत होतात, कधी पाऊण तासात. पुढे ट्रेलर, डावीकडे कंपनीची बस, उजवीकडे दोन कंटेनरांच्या फटीतून निसटू पाहणारे दुचाकीवाले. गाडी दहा फूट सरकते, थांबते, पुन्हा दहा फूट. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन हा सगळा वेळ जागच्या जागी चालू असायचं. नव्या हायब्रिड एसयूव्हीत त्याच जागी इंजिन बंद असतं. एसी चालू असतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. दहा फूट सरकायचं ते मोटरवर. बॅटरी उतरली की इंजिन काही मिनिटं चालतं, बॅटरी भरतं आणि पुन्हा गप्प बसतं.

गाडी घेऊन अकरा महिने झाले. या काळात पिंपरी-चिंचवडमध्ये आणि चाकणच्या कॅन्टीनमध्ये एकच मत मी वेगवेगळ्या तोंडांनी ऐकलं: हायब्रिड म्हणजे तळ्यात-मळ्यात, कंपन्यांनी दाखवलेलं अ‍ॅव्हरेज खोटं, आणि दोन-अडीच लाख जास्त मोजणारा माणूस फसलेला. हे बोलणारी माणसं ऐकीव बोलणारी नाहीत. कुणी वीस वर्षं इंजिनं जोडली आहेत, कुणी गिअरबॉक्सच्या टेस्ट बेडवर उमेदीची वर्षं घालवली आहेत. म्हणूनच या मताला हात झटकून उत्तर देता येत नाही. ते चुकीचं आहे असं मला वाटतं, आणि का वाटतं ते सविस्तर सांगायला हवं.

आधी अ‍ॅव्हरेजचं बघू, कारण नव्वद टक्के वाद तिथेच घुटमळतो. टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा या जुळ्या हायब्रिड गाड्या (माझी त्यांतलीच एक) २०२२ मध्ये आल्या आणि लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा घरोघरी पोचला. या आकड्याला आपण सगळे ‘एआरएआय अ‍ॅव्हरेज’ म्हणतो. ज्या संस्थेच्या नावाने म्हणतो ती १९६६ मध्ये स्थापन झाली, आपल्या पुण्यात कोथरूडच्या टेकडीला लागून आहे आणि तिचं एक केंद्र चाकणमध्येही आहे. तरी ही चाचणी होते कशी, हे इथल्याही फार थोड्या गिऱ्हाइकांना ठाऊक असतं. गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रोलरवर उभी करून ठरलेल्या आलेखाप्रमाणे वीसेक मिनिटं चालवतात. एसी बंद, वेग कधीही ताशी ९० च्या वर नाही, चढ नाही, खड्डा नाही, मोशीचा सिग्नल नाही. सगळ्या गाड्यांना एकाच फुटपट्टीने मोजता यावं म्हणून केलेली ही सोय आहे. फुटपट्टी खोटी नसते. शोरूममध्ये ती वचन म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात दिली जाते, खोट तिथे आहे.

मग रस्त्यावर काय मिळतं? मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. दर वेळी त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा बंद पडेपर्यंत टाकी फुल, आणि किलोमीटर भागिले लिटर. पडद्यावर दिसणारा आकडा वहीपेक्षा नेहमी एक-दीडने जास्त निघाला, म्हणून पडद्यावर विसंबून वाद घालणाऱ्यांचं मी ऐकत नाही. पहिली टाकी १७.८ वर गेली. मीही तेव्हा हिरमुसलो होतो. नंतर कळलं की त्या आठवड्यात गाडी बहुतेक दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांना नेली होती, आणि इंजिन थंड असताना ते तापेपर्यंत हायब्रिडही पेट्रोल खातेच. पुढे रोजचा पूर्णानगर ते खराबवाडी हा वीसेक किलोमीटरचा रस्ता सुरू झाला. थंडीत २२ च्या वर गेली, मे महिन्यात एसी पूर्ण लावून १९ च्या खाली आली, एकूण सरासरी २०.३. आता माझी जुनी पेट्रोल गाडी शेजारी ठेवा. तिचा कागदावरचा आकडा साडेसतरा होता आणि याच रस्त्यावर ती साडेदहा द्यायची. कागदावरून रस्त्यावर येताना दोघीही घसरल्या, पण जुनी चाळीस टक्के घसरली आणि नवी सत्तावीस. ‘कंपनीएवढं देत नाही’ म्हणून हायब्रिडला बोल लावणारा माणूस पेट्रोल गाडीची याहून मोठी घसरण मुकाट्याने सोसत आला आहे, कारण तिची त्याला सवय झाली आहे.

त्यात ई-२० पेट्रोलचीही भर आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचवा हिस्सा इथेनॉल म्हटल्यावर सगळ्याच गाड्यांचं अ‍ॅव्हरेज थोडं उतरणार. त्याचं खापर हायब्रिडवर फोडता येत नाही.

पण आमच्या बाजूच्या लोकांनाही मला दोन शब्द सुनवायचे आहेत. गाडी घेऊन आठ दिवस झाले नाहीत तोच लोणावळ्याहून खाली खोपोलीपर्यंत उतरायचं, पडद्यावर ३५ दिसला की फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकायचा! उतारावरचा आकडा हा पुरावा नव्हे. अशा फोटोंवर भाळून गाडी घेतलेला माणूस पहिल्या टाकीला हिरमुसतो आणि पुढे तोच सर्वांत कडवा विरोधक होतो. पहिल्या पंधराशे किलोमीटरवर काढलेला निकाल, स्तुतीचा असो की निंदेचा, सारखाच कच्चा असतो. गाडीला उन्हाळा आणि पावसाळा दाखवायला हवा.

आता ‘तळ्यात-मळ्यात’ हा आरोप. तो करणाऱ्यांच्या मनात अर्धं इंजिन आणि अर्धी मोटर असं काहीतरी चित्र असतं. आत वेगळंच आहे. या गाड्यांचं पेट्रोल इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं असतं: कमी पेट्रोलमध्ये जास्त काम, पण खालच्या वेगात अंगात जोर नाही. नुसतं ते इंजिन गाडीत घातलं तर सिग्नलवरून सुटताना मागचा हॉर्न देईल. विजेची मोटर नेमकी उलट. शून्यातून सुटताना ती सगळ्यात तगडी. प्लॅनेटरी गिअरसेटने दोघांना एकत्र जोडलं की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. टोयोटाने १९९७ मध्ये प्रियस काढली तेव्हापासून ही जोडी रस्त्यावर आहे. संसारात दोघं मिळून जे करतात त्याला आपण अर्धवट म्हणत नाही.

ब्रेकचंही तसंच आहे. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गती उष्णता होऊन डिस्कवर वाया जाते. इथे मोटर जनित्रासारखी चालून तीच गती वीज म्हणून बॅटरीत परत टाकते. ज्याला दर पन्नास फुटांवर ब्रेक मारावा लागतो त्याला ही परतफेड सर्वांत जास्त मिळते. कुरुळी ते आळंदी फाटा हा ब्रेकचाच रस्ता आहे.

उलट बाजूही मान्य करायला हवी, नाहीतर हे मंडन अप्रामाणिक होईल. महिन्याला १,२०० किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरा. कोंडीत पेट्रोल गाडी १२ देते आणि हायब्रिड २० देते, तर महिन्याला चाळीस लिटर वाचतात, वर्षाला जवळपास पन्नास हजार. वरचे सव्वादोन लाख साडेचार वर्षांत फिटतात. पण तोच माणूस एक्स्प्रेस वेवरून सरळ शंभराच्या वेगाने जात असेल, पेट्रोल गाडी त्याला १७ देत असेल आणि हायब्रिड २०, तर तेवढेच पैसे फिटायला सतरा वर्षं लागतील. त्याने हायब्रिड घेऊ नये. ज्याच्या बंगल्याखाली स्वतःचा चार्जर आहे त्याने विजेची गाडी घ्यावी, मी आनंदाने पेढे खायला जाईन. चिंचवडच्या ज्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटच्या अर्जावर तीन सर्वसाधारण सभा होऊनही निर्णय होत नाही, तिथल्या रहिवाशाला मात्र ‘थेट इलेक्ट्रिकच का घेतली नाहीस’ असं विचारणं हा अन्याय आहे.

बॅटरीच्या भीतीबद्दल थोडक्यात. लोकांच्या डोक्यात विजेच्या गाडीची बॅटरी असते. महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या एक्सईव्ही ९ई मध्ये ५९ किंवा ७९ किलोवॉट-तासांची बॅटरी येते. हायरायडरची आहे ०.७६ ची. शंभरावा हिस्सा धरा. तिला पूर्ण भरूही देत नाहीत आणि पूर्ण उतरूही देत नाहीत, आणि आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. त्या एवढ्याशा बॅटरीसाठी डिकीतली जागा मात्र जाते, आणि ती तक्रार खरी आहे. दोन मोठ्या बॅगा आणि आईची व्हीलचेअर माझ्या गाडीत एकत्र बसत नाहीत.

खरी तक्रार आणखी एक आहे, आणि ती यंत्राची नाही. मागच्या सीटजवळ एक जाळी असते. तिथून गाडीतली हवा आत ओढून बॅटरी थंड ठेवतात. ही जाळी साफ करायची असते, हे गाडी देताना मला कुणी सांगितलं नाही आणि पहिल्या सर्व्हिसिंगला कुणी उघडलीही नाही. कुठल्या शोरूमने, ते नाव महत्त्वाचं नाही. दहाव्या महिन्यात मॅन्युअल वाचून मी स्वतः ती जाळी काढली. चाकणच्या रस्त्यावरची राखाडी धूळ तिच्यावर मुलायम कापडासारखी बसली होती, आणि कोपऱ्यात मुलीच्या चॉकलेटचा कागद अडकला होता. टूथब्रशने पाच मिनिटांत जाळी स्वच्छ झाली. खंडाळा उतरतानाही असंच घडतं. छोटी बॅटरी लवकर भरते, मग गाडी वेग आवरायला इंजिन पेट्रोलशिवाय नुसतं फिरवते, आवाज एकदम वाढतो, आणि नवा मालक घाबरून रस्त्याच्या कडेला थांबतो. ज्या गोष्टी चावी देताना दहा मिनिटांत सांगता येतात, त्या न सांगितल्यामुळे चांगलं यंत्र बदनाम होतं. याचा मला मनापासून राग येतो.

सर्वांत जिव्हारी लागणारा आरोप शेवटी. माझ्याच खात्यातला एक जण म्हणाला, ‘आपण टाटा-महिंद्राच्या अंगणात राहतो आणि तू कर्नाटकात बिडदीला बनलेली गाडी घेतोस?’ प्रश्नामागची माया मला कळते. १९६६ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पिंपरीत पाय रोवले आणि त्या कारखान्याभोवती आमची घरं उभी राहिली. पण हायब्रिड ही कल्पना इथे परकी नाही. २०१० मध्ये पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने ‘रेव्होलो’ नावाचं किट जाहीर केलं होतं. रस्त्यावरच्या जुन्या गाडीला मोटर आणि बॅटरी जोडून तिलाच हायब्रिड करायचं, आणि त्यासाठी भारत फोर्जशी हातमिळवणीही झाली होती. ते किट घरोघरच्या गाड्यांपर्यंत पोचलं नाही. २०१६ मध्ये महिंद्राने स्कॉर्पिओची सौम्य हायब्रिड (इंजिनाला मोटरचा नुसता हातभार) काढली, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये केंद्राने सौम्य हायब्रिडचं अनुदान बंद केलं.

आणि अंगणाचाच विचार करायचा तर भोसरीत जाऊन बघा. माझ्या नात्यातल्या एका काकांचं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे: चार सीएनसी, दोन जुने लेथ, अकरा माणसं. इंजिनाच्या व्हॉल्व्हला लागणारे जॉब तिथे होतात. दाराशी कूलंटचा वास, ट्रेमध्ये मोजून लावलेले करंगळीएवढे चकचकीत नग, आणि मायक्रोमीटर हातात घेऊन बसलेली एक मुलगी. विजेच्या गाडीत व्हॉल्व्ह नाही, पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही. ती गाडी येणारच आहे आणि यायलाही हवी. पण काकांना नवी मशीन घ्यायला आणि त्या मुलीला नवं काम शिकायला मधली दहा-पंधरा वर्षं लागतील. हायब्रिडमध्ये इंजिन आहे आणि मोटरही आहे. या पट्ट्यातल्या हजारो हातांना ती तेवढा अवधी देते. विजेच्या बाजूने उभं राहून हायब्रिडला हिणवणारे या अवधीचा हिशेब कधीच मांडत नाहीत.

सरकारनेही तो मांडलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे तेवढ्याच लांबीच्या पेट्रोल एसयूव्हीइतकाच. विजेच्या गाडीवर तो ५ टक्के आहे. कर गाडीची लांबी आणि इंजिनाचे सीसी मोजतो, जळलेलं पेट्रोल मोजत नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग, म्हणजे माझ्या गाडीसारख्या, हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या हायब्रिडला पेट्रोल गाडीसारखाच १२ टक्के कर भरून एमएच १४ ची पाटी मिळते. विजेच्या गाडीएवढी सवलत मी मागत नाही. चौकात इंजिन बंद ठेवणारी आणि चालू ठेवणारी गाडी कायद्याला सारखी दिसू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

बिडदीचा प्रश्न विचारणारा तो सहकारी मेंटेनन्सला आहे आणि शब्दांवर त्याचा विश्वास बसत नाही. परवा संध्याकाळी तो स्वतःची डिझेल गाडी कंपनीत ठेवून माझ्या शेजारी बसला, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून. एसी चोवीसवर होता. गेटपासून तळेगाव चौक पार होईपर्यंत एक्केचाळीस मिनिटं लागली. इंजिन सुरू झालं की तो बटण दाबायचा, बंद झालं की पुन्हा दाबायचा. चौक ओलांडल्यावर त्याने बेरीज केली, ती गेटपासच्या मागे लिहिली आणि मला दाखवली: एक्केचाळीसपैकी बारा मिनिटं. थोडा वेळ तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. मोशीचा पूल आला तेव्हा म्हणाला, ‘उद्या सकाळच्या शिफ्टला परत मोजू. तेव्हा एसी लागत नाही.’